लाजेच्या भांडवलावरचा व्यापार

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राची सीमा ओलांडली, की थोड्याच अंतरावर लोधीखेडा हे गाव लागते. गोमंतकातील वाचकाला ते नकाशावर शोधावे लागेल. संत्री आणि कापूस पिकविणाऱ्या सौंसर तालुक्यातील हे गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले आणि २०२३ मध्ये नव्याने झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात समाविष्ट झाले. येथे घरात मराठी बोलली जाते, कचेरीत हिंदी चालते आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत लिहिली जाते. अशा गावातील तिशी-पस्तिशीच्या एखाद्या विवाहित पुरुषाची क्षणभर कल्पना करावी. गेले काही महिने त्याला पत्नीच्या जवळ जाण्याची धास्ती वाटू लागली आहे, कारण शरीर ऐनवेळी साथ देत नाही. ही गोष्ट तो पत्नीशी बोलत नाही, भावाशी बोलत नाही आणि सरकारी दवाखान्यात तर मुळीच बोलत नाही, कारण तेथे औषधे देणारा माणूस त्याच्याच आळीतला आहे. अखेर बाजाराच्या कामाचे निमित्त सांगून तो मोठ्या शहरात जातो, भिंतीवरील जाहिरातीत वाचलेला पत्ता शोधून काढतो आणि कोणा ‘गुप्तरोगतज्ज्ञा’च्या हाती दोन महिन्यांची कमाई ठेवून पुडीभर भुकटी घेऊन परततो. त्याच्या रक्तातील साखर कोणी तपासलेली नसते. घरी त्याची पत्नी, दोष आपल्यातच असावा, असे समजून देवाला नवस बोलत असते.

लोधीखेड्याचे नाव आम्ही घेतले ते तेथे ही व्याधी अधिक आहे म्हणून नव्हे. पणजीपासून पांढुर्ण्यापर्यंत कोणत्याही गावाचे नाव तेथे घालता येईल. परंतु ज्या गावात आपले दुखणे कोणाला सांगावे आणि ते कोणत्या भाषेत सांगावे, हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात, तेथे या विषयाचे खरे स्वरूप अधिक स्वच्छ दिसते. या माणसाची पक्की समजूत अशी असते, की साऱ्या पंचक्रोशीत असा दुर्दैवी आपण एकटेच. ही समजूत खरी आहे काय, हाच आजचा प्रश्न आहे.

ती समजूत साफ खोटी आहे, असे शास्त्र सांगते. दक्षिण भारतातील ग्रामीण लोकवस्तीत मानसोपचारतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०१५ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत २१ टक्क्यांहून किंचित अधिक पुरुषांमध्ये आणि सुमारे १४ टक्के स्त्रियांमध्ये एक ना एक लैंगिक विकार आढळला. पुरुषांमध्ये ताठरतेचा दोष सुमारे १६ टक्क्यांना, तर शीघ्रपतन सुमारे ९ टक्क्यांना होते. स्त्रियांमध्ये इच्छेचा अभाव सुमारे ९ टक्के, उत्तेजनेचा अभाव सुमारे साडेसहा टक्के आणि कामपूर्तीचा अभाव साडेपाच टक्क्यांहून थोडा अधिक, असे प्रमाण निघाले. म्हणजे दर पाच पुरुषांत एक आणि दर सात स्त्रियांत एक. हेच प्रमाण शंभर जोडप्यांच्या वस्तीला लावून पाहिले, तर वीस पुरुष आणि चौदा स्त्रिया अशा निघतील, की ज्या प्रत्येकाला वाटते आहे, हे फक्त माझ्याच वाट्याला आले. एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या, एकाच पारावर बसणाऱ्या माणसांनी एकच दुःख परस्परांपासून लपवून ठेवावे, यापरते विपरीत ते कोणते?

पाश्चात्त्य देश या बाबतीत फार सुखी आहेत, असा आपल्याकडे एक समज आहे. तोही निराधार आहे. अमेरिकेत बोस्टन परिसरातील ४० ते ७० वर्षे वयाच्या सुमारे तेराशे पुरुषांची पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील ५२ टक्क्यांना कमीअधिक प्रमाणात ताठरतेचा दोष असल्याचे दिसले. १९९९ साली त्याच देशात १८ ते ५९ वर्षांच्या स्त्रीपुरुषांविषयी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४३ टक्के स्त्रिया आणि ३१ टक्के पुरुष यांना काही ना काही अडचण असल्याचे नमूद आहे. ज्या समाजात या विषयावर उघडपणे बोलले जाते, तेथेही प्रमाण मोठेच आहे. फरक इतकाच, की तेथे माणूस डॉक्टरकडे जाण्याची शक्यता अधिक आणि येथे भोंदूकडे.

मात्र आकडे वाचताना विवेक सुटता कामा नये. अडचण आणि व्याधी या दोन गोष्टी एक नव्हेत. ब्रिटनमधील जी मोठी राष्ट्रीय पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तिने हा भेद उत्तम रीतीने दाखविला. मागील वर्षात किमान तीन महिने टिकलेली एखादी तरी अडचण सुमारे ४२ टक्के पुरुषांनी आणि ५१ टक्के स्त्रियांनी सांगितली. परंतु आपल्या कामजीवनामुळे मनाला त्रास होतो, असे म्हणणारे दोहोंमध्ये केवळ दहा-अकरा टक्के होते. थकवा, चिंता, बाळंतपण, घरातील आजारपण, नोकरीची विवंचना यांचे सावट शरीरावर पडणे हा मनुष्यधर्म आहे. ते सावट दूर झाले, की पुष्कळदा तक्रारही नाहीशी होते. म्हणूनच तक्रार साधारणतः सहा महिने टिकलेली असावी, बहुतेक प्रसंगी जाणवत असावी आणि तिचा त्या व्यक्तीला मनस्ताप होत असावा, तेव्हाच तिला विकार म्हणावे, असा दंडक आधुनिक मानसोपचारशास्त्राने घालून दिला आहे. चार रात्रींच्या अपयशाला नपुंसकत्व म्हणणारा आणि चार पुड्यांत पौरुष परत देणारा, हे दोघे एकाच दुकानाचे भागीदार असतात, हे वाचकांनी ओळखलेले बरे.

पुरुषांच्या बाबतीत हा विषय केवळ शय्यागृहापुरता नाही, याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. ताठरता म्हणजे मुख्यतः रक्तवाहिन्यांचे कार्य. त्या इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक असल्याने बिघाडाची पहिली सूचना अनेकदा तेथेच मिळते. हृदयविकाराचे दुखणे उद्भवण्यापूर्वी दोन ते पाच वर्षे हे लक्षण दिसू शकते, असे वैद्यकशास्त्र सांगते. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, मद्यपान, नैराश्य, तसेच रक्तदाबावरील आणि नैराश्यावरील काही औषधे ही याची परिचित कारणे होत. तेव्हा जो पुरुष लाजून भुकटी खात बसतो, तो केवळ पैसा गमावत नाही, तर निसर्गाने वाजविलेली धोक्याची घंटाही कानाआड करतो. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या आणि पुढे आपल्याकडेही सुलभ झालेल्या ताठरतेच्या गोळ्यांविषयीही हेच म्हणता येईल. योग्य रुग्णाला त्या उपयोगी आहेत. पण हृदयविकारासाठी नायट्रेट वर्गातील औषध घेणाऱ्याने त्या घेतल्यास रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतू शकते. वैद्यकीय सल्ल्यावाचून त्या परस्पर विकणे आणि विकत घेणे हा जिवाशी खेळ आहे.

याच्या जोडीला आपल्या मातीतली म्हणावी अशी आणखी एक पीडा आहे. वीर्य म्हणजे रक्ताचा अर्क, त्याचा एक थेंब गेला तर आयुष्यातील बळ गेले, ही धारणा पिढ्यान्‌पिढ्या मनात रुजली आहे. तीमुळे स्वप्नावस्थेत किंवा लघवीवाटे ‘धातू’ जातो, या भयाने शेकडो तरुण खंगत जातात, शक्तिपाताच्या कल्पनेने खरोखरच अशक्त होतात. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. या तरुणांचे शरीर बहुधा निरोगी असते, आजारी असते ते ज्ञान. त्यांना औषधापेक्षा अर्ध्या तासाच्या प्रामाणिक संभाषणाची गरज असते. ते संभाषण करण्यास घरी वडील तयार नसतात, शाळेत गुरुजी तयार नसतात. तयार असतो तो फक्त भिंतीवरचा जाहिरातदार.

स्त्रियांची कहाणी याहून करुण आहे, कारण पुरुषाला निदान फसविण्यासाठी तरी कोणी दार उघडून बसलेले असते. स्त्रीला तेवढेही नाही. समागमाच्या वेळी होणारी वेदना, भीतीने होणारे योनीमार्गाचे आकुंचन, बाळंतपणानंतर व अंगावर पाजण्याच्या काळात येणारा कोरडेपणा, रजोनिवृत्तीनंतरचे बदल, इच्छेचाच लोप, या साऱ्यांना उपाय आहेत. परंतु उपायापूर्वी तक्रार करावी लागते आणि आपल्याकडे सुखाची अपेक्षा करणे हीच कुलीन स्त्रीच्या बाबतीत तक्रार मानली जाते. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि वैद्यकविश्वात खळबळ उडाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग वा लैंगिक रोगांपैकी किमान एक रोग होता. यापूर्वी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ज्या शरीराला इतकी दुखणी जडलेली, त्या शरीराने रात्री सुखाची साथ द्यावी, ही अपेक्षाच किती निष्ठुर!

गडचिरोली दूर आहे म्हणून गोमंतकाने निःश्वास टाकू नये. आपल्याच राज्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले, की अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनातील ताण व कौटुंबिक व्यथा यांच्याशी अधिक होता. मनाचे दुःख उघड सांगण्याची मुभा नसली, की ते शरीराच्या भाषेत बोलू लागते. पुरुषाचा ‘धातू’ आणि स्त्रीचे ‘पांढरे’ ही एकाच मुक्या वेदनेची दोन नावे असू शकतात. ती ऐकणारा वैद्य केवळ जंतूंवरची गोळी लिहून मोकळा झाला, तर त्याने रोग ऐकला, पण रुग्ण ऐकला नाही, असेच म्हणावे लागेल.

हे मौन दांपत्यजीवनात कसे विष कालवते, याचे उदाहरण अलीकडेच न्यायालयात दिसले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२४ साली एका तरुण जोडप्याचा विवाह रद्दबातल ठरविला. पतीला पत्नीशी शरीरसंबंध ठेवणे शक्य होत नव्हते आणि त्याने आरंभी त्याचा दोष पत्नीवर ढकलला होता. स्वतःची उणीव कबूल करण्याचा संकोच हे त्याचे कारण असावे, हे न्यायालयाने समजून घेतले आणि दोन्ही तरुण जिवांची मानसिक यातना ध्यानात घेऊन त्यांना मोकळे केले. हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासूनच अशा विवाहाच्या रद्दतेची तरतूद आहे. पण जेथे प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचत नाही, तेथे काय घडते? मूल नाही म्हणून सुनेला टोमणे, मांत्रिकाचे अंगारेधुपारे, नवऱ्याचे दुसरे लग्न लावण्याची भाषा. तपासणी मात्र नवऱ्याची कोणी करीत नाही.

अज्ञान आणि लाज यांवर व्यापार उभा राहू नये, ही जाणीव आपल्या राज्यकर्त्यांना फार पूर्वी झाली होती. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ साली संमत झाला. मनुष्याची कामसुखाची क्षमता टिकविण्याचा वा वाढविण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे त्याने निषिद्ध ठरविले. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड किंवा दोन्ही, पुढील अपराधाला एक वर्षापर्यंत कैद अशी शिक्षाही त्यात सांगितली आहे. हमदर्द दवाखाना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली या कायद्यातील काही भाग अवैध ठरविला, तरी अशा व्यापारी जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे कवच मिळणार नाही, हे तत्त्व निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे कायदा आहे, शिक्षा आहे, सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळाही आहे. नाही तो अंमल. लोहमार्गालगतच्या भिंती सत्तर वर्षे या कायद्याला वाकुल्या दाखवीत उभ्या आहेत आणि आता त्या भिंती प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत शिरल्या आहेत.

आणि येथे आम्हां वृत्तपत्रवाल्यांनाही आपल्या अंगणात पाहिले पाहिजे. हा कायदा केवळ औषध विकणाऱ्याला बांधत नाही. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्याच्या कामात जो जो सहभागी होईल, त्या प्रत्येकाला तो लागू आहे. अग्रलेखात अंधश्रद्धेवर कोरडे ओढावयाचे आणि आतल्या पानाच्या कोपऱ्यात ‘हरवलेली शक्ती परत मिळवा’ अशी चौकट छापून तिचे पैसे मोजून घ्यावयाचे, हा दुटप्पीपणा आपल्या व्यवसायात पुरातन आहे. ज्याला आपण वाचक म्हणतो, त्याच माणसाला आपण त्या भोंदूच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. हे पाप झाकून इतरांना उपदेश करण्याचा अधिकार आपणास पोहोचत नाही.

मराठी भाषेला तर या बाबतीत सबब सांगण्यास मुळीच जागा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र, गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यूने गाठेपर्यंत ते एकहाती चालविले. संततिनियमनाच्या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली होती. वाचकांनी विचारलेल्या खाजगी प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे अश्लील ठरवून १९३४ साली त्यांच्यावर खटला भरण्यात आला. त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. विचारणारे सुटले नाहीत, कारण त्यांचे प्रश्न तसेच राहिले. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी या विषयाला वैद्यकशाखेची प्रतिष्ठा मिळवून दिली, तर डॉ. विठ्ठल प्रभू यांनी सोप्या मराठीत तो घरोघरी नेला. इतकी परंपरा असूनही २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या योजनेला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांनी संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली विरोध करून ती रोखली. सीमेच्या दोन्ही बाजूंना पक्ष वेगळे होते, भाषा वेगळी होती. संकोच मात्र एकच होता. जे ज्ञान शाळेने नाकारले, ते मुलांनी मिळविलेच नाही असे नव्हे. त्यांनी ते वाईट जागी, विकृत स्वरूपात मिळविले, इतकेच.

मग करावयाचे काय? यासाठी प्रचंड खर्चाच्या योजनांची आवश्यकता नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला त्याच्या कामजीवनाविषयी एक साधा प्रश्न विचारण्याची प्रथा पडली पाहिजे. रुग्ण आपणहून बोलत नाही, पण वैद्याने विचारले तर बोलतो. त्याचप्रमाणे बाळंतपणानंतरच्या तपासणीत स्त्रीला वेदनेविषयी विचारले जावे आणि ते विचारणारी शक्यतो स्त्रीच असावी. तपासणीच्या खोलीला दार असावे आणि त्या दारातून शब्द बाहेर जाऊ नये. वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हा विषय न लाजता शिकविला जावा. आणि लोधीखेड्यासारख्या सीमेवरील गावांसाठी आणखी एक गोष्ट अत्यावश्यक आहे. आरोग्यशिक्षणाची पत्रके आणि दूरध्वनीवरील शासकीय समुपदेशन रुग्णाच्या मातृभाषेत मिळाले पाहिजे. पोट दुखते, हे माणूस परक्या भाषेतही सांगू शकतो. हे दुःख मात्र आईच्या भाषेतही मोठ्या कष्टाने ओठांवर येते.

शासनाने जाहिरातींचा कायदा कपाटातून बाहेर काढावा, हेही ओघानेच आले. परंतु केवळ भिंती पुसून हा व्यापार बंद पडणार नाही. ज्या भांडवलावर तो चालतो, ती आपली लाज आहे. ‘मीच एकटा’ ही भावना हे त्याचे खरे औषध, आणि तेच तो पुडीत बांधून आपल्याला पुन्हा पुन्हा विकतो. पाच पुरुषांत एक आणि सात स्त्रियांत एक, हे साधे सत्य ज्या दिवशी गावच्या पारावर ठाऊक होईल, त्या दिवशी त्या पुडीची किंमत धुळीइतकी होईल. लोधीखेड्याच्या त्या कल्पित गृहस्थाला मोठ्या शहराची वाट धरण्यापूर्वी कोणी इतकेच सांगावे, की गड्या, तू एकटा नाहीस, आधी रक्त तपासून घे आणि घरी जाऊन बायकोशी बोल. त्याच्या निम्म्या दुखण्याला एवढा उपाय पुरेल आणि उरलेल्या निम्म्यासाठी डॉक्टर आहेत.